किडनी प्रत्यारोपणानंतर पायावर न दुखणारी गाठ आणि रिपोर्टमध्ये बुरशी: पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ५८, चार वर्षांपूर्वी किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी आईंनी दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. सांगली जिल्ह्यात उसाची शेती, अजूनही अधूनमधून रानात जातात. तीन महिन्यांपासून उजव्या घोट्याच्या वर लिंबाएवढी गाठ आहे. दुखत नाही, ताप नाही. गावातल्या डॉक्टरांनी सुईने पू काढला, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, गाठ पुन्हा भरली. मग एक तुकडा काढून तपासला, तर ‘तपकिरी रंगाचे, आडपडदे असलेले बुरशीचे तंतू’ असा रिपोर्ट आला (आडपडदे म्हणजे तंतूच्या आतल्या आडव्या भिंती). कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं) झालं नाही, कारण सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला होता. मेडिकलवाल्याने इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी रोज एक घ्या म्हणून सांगितलं. आता विचारणं असं की ही २०२१ मधली काळी बुरशी आहे का, गोळी सुरू करावी का, किडनीला धोका आहे का, घरात कोणाला लागेल का, आणि वडिलांनी शेतात जावं की नाही.

आधी तातडीचं सांगतो. ती गोळी नेफ्रॉलॉजिस्टशी (किडनीच्या डॉक्टरांशी) बोलल्याशिवाय सुरू करू नका. औषध बहुधा तेच लागेल, पण मेडिकलवाल्याने सांगितलेला डोस या आजाराला अपुरा आहे आणि टॅक्रोलिमसचा डोस न बदलता ते चालू केलं तर किडनीला इजा होऊ शकते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा तासा-दोन तासांत धावपळ करण्याचा प्रकार वाटत नाही. मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची महिनाभर वाट बघण्याचाही नाही. याच आठवड्यात प्रत्यारोपण केंद्रात दाखवा.

दुखत नाही आणि ताप नाही, या दोन गोष्टींनी तुम्हाला धीर आलेला दिसतो. इथे मात्र त्यांना फारसा अर्थ नाही. लाली, ठणका, ताप हे सगळं जंतू करत नाहीत, जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती करते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड नेमकी तीच दाबून ठेवतात, म्हणून किडनी टिकते. त्यामुळे अशा रुग्णाच्या त्वचेवर मोठा संसर्गसुद्धा निवांत दिसतो. आम्ही डॉक्टर अशा वेळी लक्षणांपेक्षा काळ पाहतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या अंगावर नवी गाठ, फोड किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स देण्याआधी तिची बायप्सी (तुकडा काढून तपासणी) करायची. चरबीची गाठ, करट, कुरूप असं नुसत्या नजरेने ठरवायचं नाही.

आता काळ्या बुरशीचं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या आजाराने लोकांचे डोळे आणि जबडे गेले तो म्युकरमायकोसिस. त्यातल्या बुरशीला स्वतःचा काळा रंग नसतो. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि रक्त न मिळाल्याने मेलेली त्वचा काळी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तंतू रुंद, रंगहीन आणि जवळजवळ आडपडदे नसलेले दिसतात. वडिलांच्या रिपोर्टमधलं वर्णन याच्या अगदी उलट आहे. ज्यांच्या भिंतीतच मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं अशा गडद बुरशींचा हा आजार वाटतो. त्याचं वैद्यकीय नाव फिओहायफोमायकोसिस. एक्झोफियाला, आल्टर्नेरिया, कर्व्ह्युलारिया, मेडिकॉप्सिस रोमेरोई ही त्यात सापडणारी काही नावं. या बुरशी माती, कुजका पालापाचोळा, लाकूड, काटे यांवर राहतात. काटा किंवा कुसळ रुततं, त्याबरोबर बुरशी त्वचेखाली जाते आणि महिनोन् महिने सावकाश वाढते. काटा कधी लागला ते रुग्णाला बहुतेक वेळा आठवत नाही. कधीकधी बायप्सीत लाकडाचं बारीक कुसळ तसंच सापडतं. निरोगी माणसालाही हा आजार होतो, पण किडनी प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तो जास्त दिसतो, आणि तोही बहुधा हातापायांवर, एकाच गाठीच्या रूपात.

हा फरक उपचारात फार मोठा ठरतो. म्युकरला त्याच दिवशी शस्त्रक्रिया आणि शिरेतून लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी लागतं, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध त्यावर चालतच नाही. गडद बुरशीच्या एकट्या गाठीला मात्र शस्त्रक्रिया आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या बहुतेकदा पुरतात, आणि नीट तयारी करायला वेळही मिळतो. तो वेळ सत्कारणी लावा.

कारण अजून बऱ्याच गोष्टी कळायच्या आहेत. रिपोर्टमध्ये ‘बुरशी’ दिसली एवढ्यावर औषध ठरत नाही. जिथे बायप्सी झाली त्या लॅबमध्ये मेणाचा ब्लॉक आणि काचा ठेवलेल्या असतात. त्या मागून घ्या, तुमचा हक्क आहे. त्याच ब्लॉकवरून फॉन्टाना-मॅसन, पीएएस आणि जीएमएस हे रंग लावून पुन्हा पाहता येतं. फॉन्टाना-मॅसनने मेलॅनिन उठून दिसतं, म्हणजे नेहमीच्या रंगात तंतू फिकट वाटले तरी शंका मिटते. पॅथॉलॉजिस्टना तीन गोष्टी मुद्दाम विचारा: नुसते तंतू आहेत, की तांब्याच्या रंगाच्या जाड भिंतीच्या गोल पेशी आहेत, की दाणे आहेत? गोल पेशी असतील तर तो क्रोमोब्लास्टोमायकोसिस, दाणे असतील तर मायसेटोमा. दोन्ही बहुतेकदा शेतकऱ्यांच्या पायाला होतात, दोन्हींचा उपचार जास्त लांबतो आणि मायसेटोमा हाडापर्यंत जाऊ शकतो.

फॉर्मॅलिनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हीच चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे. फॉर्मॅलिन पेशी जपतं आणि जंतू मारतं. त्यात गेलेल्या तुकड्यातून कल्चर होत नाही. ब्लॉकमधून डीएनए काढून तपासता येतो, पण त्याचा भरवसा कमी. म्हणून गाठ काढायची वेळ येईल तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्येच तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत साध्या सलाइनच्या थोड्या थेंबांत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना आणि थिएटरच्या सिस्टरना हे सांगून ठेवा. आतला पू असेल तर तो सिरिंजमध्ये किंवा डबीत घ्यायचा, कापसाच्या स्वॅबवर नाही. स्वॅबवर नमुना थोडाच येतो आणि तोही धाग्यांत अडकून राहतो.

डबीबरोबरच्या कागदावर काय लिहिलंय यावर लॅबचं काम ठरतं. ‘पस कल्चर’ एवढंच लिहिलं तर दोन दिवस जिवाणू शोधून ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो आणि घरचे समजतात की काहीच नाही. कागदावर लिहून घ्या: किडनी प्रत्यारोपण, शेतकरी, बायप्सीत तपकिरी तंतू, केओएच तपासणी हवी, बुरशीचं कल्चर किमान चार आठवडे ठेवा. सोबत क्षयरोगाची आणि क्षयाच्या चुलत जंतूंची तपासणी, तसंच नोकार्डिया या मातीतल्या जिवाणूचीही. या रुग्णांत दोन जंतू एकाच गाठीत सापडणं अशक्य नाही. केओएच म्हणजे नमुन्यावर पोटॅश टाकून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, त्याचा निकाल त्याच दिवशी मिळतो. कल्चरसाठी साबुरो आगरच्या (बुरशी वाढवायच्या खाद्याच्या) नळ्या सायक्लोहेक्झिमाइड या बुरशी रोखणाऱ्या औषधासह आणि त्याशिवाय अशा दोन्ही लावाव्या लागतात, कारण ते औषध काही रोगकारक बुरशींनाही रोखतं. तापमानही दोन, २५ ते ३० अंश आणि ३७ अंश. म्युकरची पुसटशी शंका असेल तर तुकडा वाटायचा नाही, बारीक कापायचा. वाटल्याने तिचे नाजूक तंतू मरतात आणि कल्चर खोटं कोरं येतं.

उलट बाजूही आहे. आल्टर्नेरिया आणि कर्व्ह्युलारिया हवेत सगळीकडे असतात. नुसत्या जखमेवरच्या स्वॅबमध्ये त्या उगवल्या तर ती धूळही असू शकते. तुकड्यात तंतू दिसले आणि आतल्या नमुन्यातून तीच बुरशी उगवली, तरच ते नाव खरं धरायचं. काही बुरशी, विशेषतः मेडिकॉप्सिस, लॅबमध्ये नुसतीच वाढते, ओळखीसाठी लागणारे बीजाणू धरत नाही. तेव्हा डीएनएचा क्रम वाचून ओळख पटवावी लागते. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तुमच्या लॅबने उगवलेली बुरशी अशा संदर्भ केंद्राकडे पाठवायला सांगता येतं.

क्षयरोगाचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्याकडे न दुखणारी, पू भरणारी गाठ म्हटलं की ‘ठंडा गळू’ समजून पुरावा हाती नसताना टीबीची औषधं सुरू होतात. या रुग्णाच्या बाबतीत ते दुहेरी नुकसानीचं आहे. रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी खाली खेचतं, म्हणजे किडनी नाकारली जाण्याचा धोका. शिवाय ते इट्राकोनॅझोलही इतकं कमी करतं की गोळी घेतली काय, न घेतली काय, सारखंच. टीबी खरंच सापडला तर दोन्ही औषधांची मांडणी वेगळी करावी लागते. पण आधी सापडू दे.

गाठ किती खोल आहे ते सोनोग्राफीत कळतं. घोट्याजवळ कंडरा आणि सांधा असतो, म्हणून खोलीबद्दल शंका असेल तर एमआरआय. वडिलांचं सगळं अंग उजेडात बघायचं: बोटांच्या बेचक्या, नखं, तळपाय, डोक्याची त्वचा, पाठ. एक गाठ असणं आणि चार गाठी असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनेक ठिकाणी असतील तर बुरशी रक्तातून पसरली असं धरून छातीचा सीटी करतात, आणि डोकेदुखी, झटके, हातापायाला अशक्तपणा, बोलण्यात फरक असं काही असेल तर मेंदूचा एमआरआय. गडद बुरशींपैकी क्लॅडोफियालोफोरा बँटियाना मेंदूत जाते, म्हणून ते नाव कल्चरमध्ये आलं तर लक्षणं नसली तरी आम्ही मेंदू बघतो. गॅलॅक्टोमॅनन, बीटा-डी-ग्लुकॅन या महागड्या रक्ततपासण्यांवर एकट्या गाठीच्या बाबतीत भिस्त ठेवू नका. त्या कोऱ्या आल्या तरी गाठीतली बुरशी नाही असं म्हणता येत नाही.

आता उपचार. एकटी, हलणारी, हाडाला न चिकटलेली गाठ असेल तर ती तिच्या पिशवीसकट अख्खी काढणं हा सगळ्यात चांगला मार्ग. सुईने पू काढून किंवा चीर देऊन ती बरी होत नाही, कारण बुरशी पिशवीच्या भिंतीत असते. वडिलांची गाठ पुन्हा भरली ती यामुळेच. काढताना पिशवी फुटली तर आतला माल आजूबाजूला सांडतो आणि गाठ तिथेच परत येऊ शकते. त्यामुळे हे काम बाह्यरुग्ण विभागात घाईने उरकण्याचं नाही. स्टेरॉइडमुळे जखम उशिरा भरते, म्हणून टाकेही नेहमीपेक्षा उशिरा काढावे लागतात, पायावर तर आणखीच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच.

निरोगी माणसात गाठ पूर्ण निघाली तर काहींना त्यावरच भागतं. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना मी गोळ्या जोडण्याच्या बाजूचा आहे, कारण डोळ्यांना न दिसणारा थोडासा अंश मागे राहिला तरी तो आवरायला शरीराकडे पुरेशी ताकद नसते. नेहमीचा डोस इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि मुदत साधारण तीन ते सहा महिने. मेडिकलवाल्याने सांगितलेली रोज एक गोळी हा गजकर्णाच्या उपचारातला डोस झाला. फ्लुकोनॅझोल आठवड्याला एक, हाही गजकर्णासाठी गावोगावी चालणारा प्रकार, गडद बुरशीवर कामाचा नाही. वर ते टॅक्रोलिमस वाढवतं ते वेगळंच. टर्बिनाफिनचा टॅक्रोलिमसशी फारसा झगडा नाही, पण एकट्याच्या जोरावर ते पुरेल असं धरून चालता येत नाही. ते कधीकधी जोडीला देतात.

किडनीचा धोका नेमका कुठे आहे ते नीट समजून घ्या. टॅक्रोलिमस यकृतात आणि आतड्यात एका ठरावीक एन्झाइमने मोडतं. इट्राकोनॅझोल ते एन्झाइम अडवतं. गोळी तीच, पण रक्तातली पातळी दुपटीने, तिपटीने वाढू शकते. टॅक्रोलिमस जास्त झालं की हात थरथरतात, डोकं दुखतं, साखर चढते, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढतं. वाढलेलं क्रिएटिनिन पाहून ‘किडनी नाकारली जातेय’ असं समजून कोणी डोस आणखी वाढवला तर आगीत तेलच.

म्हणून क्रम असा ठेवतात. गोळी सुरू करण्याआधी टॅक्रोलिमसची पातळी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, लिव्हरची तपासणी आणि एक ईसीजी. हृदय कमजोर असल्याची शंका असेल तर टूडी एको, कारण इट्राकोनॅझोल हृदयाची आकुंचनाची ताकद कमी करू शकतं आणि हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते देत नाहीत. गोळी सुरू होते त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्ट टॅक्रोलिमस साधारण एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी करतात. व्होरिकोनॅझोल द्यायचं असेल तर टॅक्रोलिमसचा डोस मूळच्या एक-तृतीयांशावर आणतात. हे आकडे तुम्हाला अंदाज यावा म्हणून दिले आहेत, घरी लावण्यासाठी नाहीत, कारण माणसामाणसांत फरक मोठा असतो. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पातळी, आणि ती स्थिरावेपर्यंत आठवड्यातून एक-दोनदा. इट्राकोनॅझोल रक्तात साठायला सुमारे दोन आठवडे घेतं. त्यामुळे पहिली पातळी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, दुसऱ्या आठवड्यात ती चढू शकते. रक्त सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घेण्याआधी द्यायचं, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि पुढचे सगळे निर्णय चुकतात. मध्येच जुलाब लागले तरी टॅक्रोलिमस वाढतं. लगेच कळवा.

बाकीच्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, आयुर्वेदिक चूर्णं आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांसकट. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन इट्राकोनॅझोलबरोबर चालत नाही, स्नायू विरघळण्याचा धोका असतो. गाऊटसाठीचं कोल्चिसिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ब्लडप्रेशरची अम्लोडिपिन वाढते आणि पायाला सूज येते. सगळ्यात घराघरांत आढळणारी अडचण म्हणजे ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल. पँटोप्राझोलमुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट विरघळत नाही. डॉम्पेरिडोन आणि इट्राकोनॅझोल एकत्र आले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही कॅप्सूल बंद करता येते का, की दुसरं काही द्यायचं, हे आधीच ठरवून घ्या.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. त्याचं पातळ औषध मिळालं तर ते मात्र उपाशीपोटी. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून एक ब्रँड लागू पडला की शेवटपर्यंत तोच ठेवा. ‘सुपर बायोअव्हेलेबल’ नावाचा प्रकार मिळतो. त्याचे मिलिग्रॅम साध्या कॅप्सूलशी जुळत नाहीत, कमी मिलिग्रॅममध्ये तेवढंच औषध रक्तात जातं. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका. दोन आठवड्यांनी इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी तपासता येते. मोठ्या शहरांतल्या लॅब ती करतात. आम्हाला ती १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा वर हवी असते. गोळ्या चालू असून गाठ हटत नसेल तर औषध निकामी ठरवण्याआधी ही पातळी बघायची. अनेकदा दोष औषधाचा नसतो, ते पोटातून पोचतच नसतं.

लिव्हरची तपासणी दोन ते चार आठवड्यांनी, मग महिन्याला. पाय सुजले, ब्लडप्रेशर चढलं आणि पोटॅशियम कमी आलं तर ते इट्राकोनॅझोलचंच काम असू शकतं. किडनी गेली असं लगेच समजू नका, पण दाखवा. इट्राकोनॅझोल सोसलं नाही किंवा लागू पडलं नाही तर व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल. व्होरिकोनॅझोल घेणाऱ्याने ऊन काटेकोरपणे टाळायचं. त्वचा भाजते आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी ते दीर्घकाळ घेतलं तर त्वचेच्या कॅन्सरची शक्यता वाढते. शेतकऱ्यासाठी मी ते पहिली निवड करत नाही.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करायच्या का? पुष्कळदा करतात, आणि त्यात आधी हात बहुधा मायकोफेनोलेटला लागतो. संसर्ग पसरलेला असेल तर जास्त, एकटी गाठ असेल तर थोडं किंवा काहीच नाही. किडनी आधी कधी नाकारली गेली होती का यावर ते अवलंबून आहे, म्हणून हा निर्णय पूर्णपणे नेफ्रॉलॉजिस्टचा. संसर्गाच्या भीतीने प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर माणूस कोसळतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र तयारी वगैरे बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं: सुई टोचली, पट्टी चिकटवली किंवा खरचटलं तिथली त्वचा तासातासाने जांभळी-काळी पडत जाणं, दिसतं त्यापेक्षा वेदना खूप जास्त असणं, अंगावर एकाएकी अनेक गाठी येणं, डोकेदुखी, गुंगी, धाप. त्वचेचा म्युकर असा वेगाने धावतो. आपल्या देशात ॲपोफायसोमायसेस नावाची त्याची एक जात इंजेक्शनच्या जागी किंवा अपघाताच्या जखमेत निरोगी माणसातही सापडते. तिथे कल्चरची वाट बघायची नसते, केओएचमध्ये रुंद तंतू दिसले की कापून साफ करणं आणि ॲम्फोटेरिसिन.

ज्यांची प्रतिकारशक्ती दुसऱ्या कारणाने कमी आहे त्यांच्यासाठी चित्र बदलतं. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना ताप आणि मध्ये काळसर झालेल्या दुखऱ्या गाठी आल्या तर फ्युझेरियम या बुरशीचा विचार करावा लागतो. ती बऱ्याचदा पायाच्या नखाच्या बाजूच्या संसर्गातून आत शिरते आणि इतर बुरशींच्या मानाने ब्लड कल्चरमध्ये चांगली सापडते. म्हणून केमो सुरू होण्याआधी पायाची नखं दाखवून घ्यावीत. एचआयव्हीत सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) शंभराच्या खाली असताना चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे फोड आले तर ते मोलस्कम (विषाणूने येणारे साधे फोड) आहेत असं गृहीत धरू नका. क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशींचे फोड तसेच दिसतात, आणि रुग्ण मणिपूर किंवा ईशान्येकडे राहून आला असेल तर टॅलरोमायसेसही. क्रिप्टोकॉकसची शंका असेल तर रक्तातलं अँटिजेन आणि पाठीतलं पाणी तपासणं टाळता येत नाही, कारण त्वचेवर दिसण्याआधी ते मेंदूच्या आवरणात पोचलेलं असू शकतं.

घरच्यांना लागण होईल का, तर नाही. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जात नाही. ताट, अंथरूण, नातवंडं, काही वेगळं करायची गरज नाही. आईंनी दिलेल्या किडनीचाही याच्याशी संबंध नाही, हे त्यांना मुद्दाम सांगा. अशा वेळी देणाऱ्याच्या मनात नको ते विचार येतात. गाठीवर हळद, कडुलिंबाचा लेप, गरम पोटीस, पिळणं हे सगळं बंद. ड्रेसिंग सलाइनने साफ करून कोरडं आणि त्वचेला खेचणार नाही अशा पट्टीने.

शेतीचं म्हणाल तर जखम पूर्ण भरेपर्यंत रानात पाय नको. त्यानंतर जायला हरकत नाही, पण गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट, पूर्ण पँट आणि जाड हातमोजे घालूनच. पाचट ओढणं, बांधावरच्या बाभळी-बोरी तोडणं, शेणखत पसरणं ही कामं कायमची दुसऱ्यावर सोपवा. बांधावरून फेरी मारणं, मोटार चालू-बंद करणं, हिशेब बघणं हे वडील करू शकतात, आणि करू द्यावं. काटा रुतलाच तर तो पूर्ण निघाला का बघायचं, साबण आणि वाहत्या पाण्याने पाच मिनिटं धुवायचं, आणि तारीख व जागा लिहून ठेवायची. पुढे चार-सहा महिन्यांनी तिथे काही टणक लागलं तर ती नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा गोळ्या थांबवण्याचा, कारण तिथे पुन्हा एकदा किडनी धोक्यात येते. गाठ गेली, जखम भरली, सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून एखाद्या दिवशी इट्राकोनॅझोल परस्पर बंद केलं, तर अडवलेलं एन्झाइम एक-दोन आठवड्यांत मोकळं होतं आणि कमी करून ठेवलेलं टॅक्रोलिमस अपुरं पडू लागतं. त्या काळात किडनी नाकारली जाऊ शकते, आणि तेव्हाही दुखत काही नाही. म्हणून थांबवायची तारीख नेफ्रॉलॉजिस्टबरोबर आधी ठरवा, त्या आठवड्यापासून टॅक्रोलिमसची पातळी पुन्हा आठवड्याला एक-दोनदा करा आणि डोस पायरीपायरीने पूर्वीच्या जागी आणू द्या. गोळ्या संपल्यावर निदान वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी व्रणाची जागा बोटांनी चाचपून बघायची आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची. व्रणाखाली वाटाण्याएवढी गाठ लागली तरी सुई न घालता आधी सोनोग्राफी करून घ्या.